धृतराष्ट्राचे आसन

कुरुक्षेत्रावरील युद्धाचा पहिला प्रेक्षक रणांगणावर नव्हता. तो हस्तिनापुरात, आपल्या प्रासादात होता. आणि प्रेक्षक हा शब्दही त्याला लक्षणेनेच लावता येतो. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी व्यास धृतराष्ट्राकडे आले आणि संग्राम पाहण्याची इच्छा असेल तर दृष्टी देतो, असे त्यांनी सांगितले. जन्मभर अंधारात राहिलेल्या राजाने ती देणगी नाकारली. आप्तांचा वध डोळ्यांनी पाहणे त्याला नको होते. वृत्तान्त मात्र संपूर्ण हवा होता. तेव्हा व्यासांनी ती दिव्य दृष्टी संजयाला दिली. भीष्मपर्वातील हा प्रसंग बहुधा कथानकाची एक सोय म्हणून वाचला जातो. परंतु त्यात एक अवघड नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्यांच्या मृत्यूविषयी जाणून घेण्याची ओढ आणि त्या मृत्यूच्या दर्शनाची धास्ती या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी नांदतात, त्या कशा?

घरी बसून युद्धपट पाहणारा आजचा माणूस याच आसनावर बसलेला असतो. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रहवाहिन्यांच्या द्वारे युद्ध घडत असतानाच घरात आणले. १९९९ मध्ये कारगिलचे युद्ध भारतीय घरांत रोज संध्याकाळी दिसू लागले. बातमीतील या युद्धाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्याहून शांत आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित अशा एका व्यवहाराचा. एके काळी केवळ चित्रपट-मंडळांच्या मोजक्या खेळांतून किंवा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पाहावयास मिळणारे परदेशी युद्धपट प्रथम ध्वनिचित्रफितींतून, पुढे तबकड्यांतून आणि आता महाजालावरून घरात आले. ज्यांची नावे भिंतीवरच्या जाहिरातींत कधी झळकली नाहीत असे हे चित्रपट. रात्रीचे जेवण झाल्यावर, दिवा मालवून, खुर्चीत सैलावून ते पाहणाऱ्या माणसाची ही कृती नैतिकदृष्ट्या कोणत्या प्रकारची आहे?

या प्रश्नाला एक जुने आणि काहीसे निर्दय उत्तर आहे. रोमन कवी ल्यूक्रेशिअस आपल्या तत्त्वकाव्यात म्हणतो की, खवळलेल्या समुद्रात दुसऱ्याची चाललेली धडपड किनाऱ्यावरून पाहणे सुखद असते. आणि मैदानात भिडलेल्या सैन्यांचे दर्शनही, आपला त्या संकटात वाटा नसेल तर, तसेच सुखद असते. दुसऱ्याच्या दुःखात आनंद आहे असे त्याला म्हणावयाचे नाही. आपण ज्यातून मुक्त आहोत ते पाहण्यात आनंद आहे, एवढेच तो सांगतो. घरातील खुर्ची हा त्या किनाऱ्याचाच आधुनिक अवतार होय. पाऊस बाहेर कोसळत असताना घराची ऊब जशी वाढते, तशी पडद्यावरील खंदकातील चिखलाने दिवाणखान्याची ऊब वाढते, असे कोणी म्हटले तर ते सहज खोडून काढता येणार नाही.

भारतीय नाट्यविचाराने या धोक्याची दखल फार पूर्वी घेतली होती. युद्ध, राज्यनाश, मृत्यू आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असे भरताने नाट्यशास्त्रात सांगितले. या निषेधाचा अर्थ केवळ रंगमंचाच्या मर्यादेपुरता नाही. हत्येचे दर्शन आणि प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी सांगणारा असावा, ही जाणीव त्यामागे दिसते. धृतराष्ट्राला संजय लागतो तो याच कारणाने. चित्रपटाने हा मध्यस्थ दूर केला. नाटकात जे कानांवर येत होते ते थेट डोळ्यांपुढे उभे राहिले. आणि प्रेक्षक घरात आल्यावर सभागृहातील शेजारीही दूर झाला. मध्यस्थ नाही आणि सोबतही नाही, अशा स्थितीत हे पाहणे घडते.

सभागृह आणि घर यांतील भेद सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा आहे. सभागृहात चित्रपट आपल्या गतीने चालतो आणि प्रेक्षकाला त्याच्या गतीला शरण जावे लागते. घरात ही सत्ता उलटते. तेथे प्रेक्षक मृत्यूला थांबवून चहा करू शकतो, नको ते दृश्य पुढे ढकलू शकतो, हवे ते पुन्हा पाहू शकतो. न. चिं. केळकरांनी साहित्यानंदाची मीमांसा करताना सविकल्प समाधीची कल्पना मांडली: वाचक पात्राशी तादात्म्य पावतो आणि त्याच वेळी आपले स्वतःचे भानही राखतो. घरातील प्रेक्षकाच्या बाबतीत विकल्पाची बाजू जड होत जाते आणि समाधी क्षीण होते. दाराची घंटा, दूरध्वनी, स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज हे सारे त्याला पदोपदी आठवण देतात की तो सुरक्षित आहे. कलास्वादाच्या दृष्टीने ही हानी आहे. नीतीच्या दृष्टीने ती हानीच आहे की नाही, हे मात्र तपासून पाहावे लागते.

त्यासाठी आधी प्रसिद्ध आणि अल्पपरिचित युद्धपटांतील भेद स्पष्ट व्हावयास हवा. तो खर्चाचा वा कलागुणांचा नाही. भगवद्गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्राच्या प्रश्नात विभागणी आहे: माझे आणि पांडूचे. लोकप्रिय युद्धपट बहुतांशी याच विभागणीवर उभा असतो. आपला कोण हे पहिल्या काही मिनिटांत ठरते आणि पुढील सारे दुःख त्या निर्णयाच्या आधाराने वाटले जाते. चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ (१९६४) या चित्रपटाने १९६२ च्या माघारीसारखा कटू विषय हाती घेतला, हे त्याचे धैर्य निःसंशय मोठे. परंतु तेथेही पराभव अखेर हौतात्म्याच्या तेजात विलीन होतो आणि प्रेक्षक पावन होऊन बाहेर पडतो. अशा चित्रपटांना राष्ट्र सांभाळते, त्यांच्या गाण्यांना राष्ट्रीय दिनांचे स्थान मिळते. ज्या चित्रपटांत ‘माझे’ हा शब्दच डळमळीत होतो, त्यांना सांभाळणारे कोणी नसते. त्यांच्या अल्पप्रसिद्धीचे एक कारण हे आहे.

बर्नहार्ड विकी यांचा ‘डी ब्रुके’ म्हणजे ‘पूल’ (१९५९) हा जर्मन चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मान्फ्रेड ग्रेगोर यांच्या १९५८ मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असताना, एका लहान गावातील सात शाळकरी मुलांना सैन्यात बोलावले जाते. त्यांचे शिक्षक अधिकाऱ्याला भेटून या मुलांना वाचवा अशी विनवणी करतात. अधिकारीही वाईट माणूस नाही. जो पूल पुढे उडवूनच टाकावयाचा आहे, अशा गावातल्याच एका पुलावर तो मुलांना ठेवतो. तेथे ती सुरक्षित राहतील असा त्याचा हिशेब असतो. त्यांच्यावर नेमलेला अनुभवी सैनिक गावात जातो, पळपुटा समजून त्याला आपल्याच लोकांकडून गोळी घातली जाते, आणि मुले एकटी पडतात. मग ती शाळेत शिकलेले सारे खरे मानून लढतात. एकच मुलगा जिवंत उरतो. ही घटना इतकी क्षुल्लक होती की कोणत्याही युद्धवार्तेत तिचा उल्लेख झाला नाही, अशा आशयाचा मजकूर शेवटी पडद्यावर येतो.

या चित्रपटातील भयंकर गोष्ट पुलावर घडत नाही, ती पुलाआधीच्या पूर्वार्धात घडलेली असते. मुलांच्या मातांच्या काळजीत, वडिलांच्या वर्तनात, शाळेच्या वर्गात, सैनिकी परंपरा असलेल्या एका घराच्या अभिमानात ती हळूहळू साकारत जाते. कोणीही मुलांना मरावयास पाठवीत नाही. प्रत्येक जण थोडेसे काही करतो किंवा थोडेसे काही करीत नाही. असा चित्रपट घरात बसून पाहणाऱ्याच्या हळूहळू ध्यानात येते की, ज्या जागी तो बसला आहे ती जागा युद्धापासून दूर नाही. पुलावरच्या लढाईची संमती जेवणाच्या मेजावर मिळालेली होती. किनाऱ्यावरून समुद्र पाहणाऱ्या ल्यूक्रेशिअसच्या माणसाला वादळ निर्माण करता येत नाही. घरातील माणसाचा मात्र वादळाच्या निर्मितीत वाटा असतो. खुर्ची आणि किनारा ही उपमा येथे तुटते.

कोन इचिकावा यांचा ‘नोबी’ (१९५९) प्रेक्षकाची आणखी एक सोय हिरावून घेतो. शोहेई ओओका यांच्या १९५१ च्या कादंबरीवरून तो घेतला आहे. ओओका स्वतः फिलिपाइन्समध्ये लढले होते आणि अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी झाले होते. लेयते बेटावर पराभूत जपानी सैन्याचा तामुरा नावाचा क्षयी सैनिक तुकडीला नको आहे, कारण तो अन्न गोळा करू शकत नाही. रुग्णालयालाही तो नको आहे, कारण त्याच्याजवळ पुरेसे अन्न नाही. पुढे अन्न म्हणजे काय, हाच प्रश्न उभा राहतो आणि माकडाचे मांस या नावाखाली माणसे माणसांना खाऊ लागतात. दूरवर माळावर दिसणारा धूर हा शेतकऱ्यांच्या जाळाचा आहे की शत्रूच्या खुणेचा, हे तामुराला कळत नाही. तरीही तेथे साधे जीवन जगणारी माणसे असतील या ओढीने तो त्या धुराकडे चालू लागतो आणि गोळ्यांना सामोरा जातो. या चित्रपटात शत्रू जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे कोणाविरुद्ध उभे राहावे हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. शिवाय सामान्य घरगुती आयुष्य, जे प्रेक्षकाच्या भोवती न मागता पसरलेले आहे, तेच पडद्यावरील माणसाचे शेवटचे स्वप्न होऊन बसते.

काव्यशास्त्राच्या परिभाषेत या दोन चित्रपटांनी काय साधले ते सांगता येईल. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार, रसास्वादात विभावादी हे माझे, हे शत्रूचे, हे तटस्थाचे असे उरत नाहीत. व्यक्तिगत संबंध गळून पडतात, आणि म्हणूनच दुःखाचा आस्वाद शक्य होतो. धृतराष्ट्राच्या प्रश्नातील ‘माझे’ ही नेमकी साधारणीकरणाच्या आड येणारी गोष्ट आहे. युद्धपट ती ओलांडू शकला तर जर्मन मुलगा केवळ जर्मन राहत नाही, जपानी सैनिक केवळ जपानी राहत नाही. हा विजय मोठा आहे. ज्याच्या देशाशी, भाषेशी आपले काहीही नाते नाही त्याच्यासाठी मन कळवळणे ही सुसंस्कृततेची पहिली पायरी होय.

पण ती पहिलीच पायरी आहे. साधारणीकरणाचे फल म्हणून शास्त्रकारांनी जी विश्रांती सांगितली, तीच येथे संशयास्पद ठरते. शोक करुणरसात परिणत झाला की मन निवते, आणि निवलेले मन झोपी जाते. युद्ध ही मानवाची शोकांतिका आहे, सारेच बळी आहेत, असा व्यापक निष्कर्ष काढून प्रेक्षक दिवा मालवतो. फ्रान्स्वा त्रुफो यांनी युद्धविरोधी चित्रपटाच्या शक्यतेविषयीच शंका घेतली होती. पडद्यावर आले की युद्ध आकर्षक होते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यात एवढी भर घालता येईल की जेथे युद्ध आकर्षक होत नाही, तेथे शोक आकर्षक होतो. अल्पपरिचित चित्रपटांच्या रसिकाला तर आणखी एक मोह असतो. दुर्मिळ दुःखाचा संग्रह करणे, इतरांनी न पाहिलेला नरसंहार आपण पाहिला याचे अस्फुट समाधान बाळगणे, ही अभिरुचीच्या वेषातील क्रूरताच होय.

लारिसा शेपित्को यांच्या ‘आरोहण’ (१९७७) या सोव्हिएत चित्रपटात या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट सापडते. वासिल बिकोव यांच्या ‘सोत्निकोव’ या लघुकादंबरीवर तो आधारलेला असून १९७७ मध्ये बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे पारितोषिक त्याला मिळाले. १९७९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, शेपित्को मोटार-अपघातात गेल्या. जर्मनव्याप्त बेलारूसच्या बर्फात अन्नाच्या शोधात निघालेले दोन गनीम पकडले जातात. एक जण, सोत्निकोव, छळ सोसूनही झुकत नाही. दुसरा, रिबाक, जगण्यासाठी शत्रूच्या पोलिसांत जातो. या दोघांइतकीच महत्त्वाची आहे ती लहान मुलांची एक आई. तिच्या घरात हे दोघे आश्रयाला आले आणि त्यांच्यामुळे तिलाही फाशीच्या तख्ताकडे जावे लागले. सोत्निकोवच्या धैर्याची किंमत आणखी कोणी मोजली, हे चित्रपट विसरू देत नाही.

फाशीच्या वेळी गावकरी बळजबरीने गोळा केलेले आहेत. त्या गर्दीत एक लहान मुलगा आहे. सोत्निकोवची नजर त्याच्याकडे जाते, मुलाची त्याच्याकडे. मुलाचे डोळे भरून येतात. या प्रसंगात पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण हे निश्चित करता येत नाही. मरणारा माणूस प्रेक्षकाकडे पाहतो आहे आणि त्याच्यावर काहीतरी सोपवतो आहे. मुलगा काहीच करू शकत नाही. त्याने दोर कापला नाही, आरोळी ठोकली नाही. तरीही त्याचे पाहणे आणि रिबाकचे पाहणे एकसारखे नाही. पुढे रिबाक स्वतःला फास लावून घेऊ पाहतो आणि तेही त्याला जमत नाही. उघडे फाटक समोर असते आणि त्याला कुठे जाता येत नाही. पाहण्याने कोणी वाचत नाही, पण पाहणारा पूर्वीचा उरतो की नाही हे त्याच्या पाहण्यावर ठरते. साक्षीदार आणि बघ्या यांत भेद आहे तो एवढाच: बघ्याचे पाहणे दृश्य संपताच संपते, साक्षीदाराकडे उत्तर मागितले जाऊ शकते.

घरातील पाहण्यात ही साक्षीची शक्ती असते याची खूण एका ब्रिटिश घटनेत मिळते. पीटर वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये बी. बी. सी. साठी ‘द वॉर गेम’ हा पाऊण तासाचा चित्रपट तयार केला. इंग्लंडच्या केंट परगण्यावर अणुहल्ला झाला तर काय होईल, हे त्यात वृत्तपटाच्या शैलीत दाखविले होते. प्रसारणाच्या माध्यमासाठी तो फारच भीषण आहे, असा निर्वाळा देऊन त्या संस्थेने तो दूरचित्रवाणीवर दाखविला नाही. सरकारी दबावाचा यात किती वाटा होता, यावर तेव्हापासून वाद आहे. लक्षणीय गोष्ट अशी की १९६६ मध्ये चित्रपटगृहांत तो दाखविला गेला, त्याला माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले. बंदी होती ती फक्त घरात येण्याला. ती १९८५ मध्ये उठली. सभागृहात भीती सर्वांत वाटली जाते आणि बाहेर पडताना ओसरते. घरात, आपल्याच भिंतींच्या आत, आपल्याच मुलांच्या शेजारी ती पाहणारा नागरिक कदाचित विचारू लागेल की हे सारे कोणाच्या नावाने चालले आहे. त्या घरगुती खुर्चीला नखे आहेत, हे ओळखूनच जणू तो निर्णय घेतला गेला.

येथे सविकल्प समाधीतील विकल्पाची बाजू पुन्हा विचारात घ्यावी लागते. घरातील प्रेक्षक चित्रपट थांबवू शकतो. ही सत्ता पलायनासाठी वापरता येते, यात शंका नाही. पण असह्य दृश्यापाशी बोट थबकले, तर थांबवणारा आपल्या थांबवण्याचे कारण स्वतःला विचारू शकतो. सभागृहात ही निवडच नसल्यामुळे तेथील सहनशीलतेला नैतिक मूल्यही बेताचेच असते. घरात पुढे पाहणे हा प्रत्येक क्षणी नव्याने घ्यावयाचा निर्णय असतो. दाराची घंटा, भांड्यांचा आवाज, शेजारच्या खोलीत झोपलेले मूल हे रसभंगाचे प्रसंग खरे. परंतु पडद्यावर जळणाऱ्या घरातही असेच आवाज होते, हे ज्याला सुचले त्याच्यापुरता रसभंग हाच बोध ठरतो.

धृतराष्ट्राने नाकारलेली दृष्टी महाभारतात आणखी एका व्यक्तीच्या वाट्याला येते, याकडे फारसे लक्ष जात नाही. ती गांधारी होय. डोळ्यांवर आजन्म पट्टी बांधलेल्या या स्त्रीला व्यासांच्या वराने युद्धानंतरचे रणांगण दिव्य दृष्टीने दिसते. स्त्रीपर्वातील तिचा विलाप आपल्या पुत्रांपाशी थांबत नाही. अभिमन्यूच्या देहापाशी बसलेली उत्तरा, कर्ण, शल्य, भीष्म, द्रोण, द्रुपद, दूरदेशींचे राजे या साऱ्यांना ती एकेक करून पाहते. ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ ही पतीच्या प्रश्नातील विभागणी तिच्या डोळ्यांपुढे पुसली जाते. शोकाचे साधारणीकरण याहून पूर्ण असू शकत नाही.

तरीही ती विश्रांतीला पोहोचत नाही. हे थांबविण्याची शक्ती असताना तू उपेक्षा का केलीस, असे ती कृष्णाला विचारते आणि शाप देते. शोकाचे रूपांतर जबाबदारीच्या प्रश्नात होते. त्यावर कृष्ण तिला सांगतो की, हा विनाश तिच्या स्वतःच्या अपराधानेही घडला आहे. दुर्योधनाला तिनेच डोक्यावर चढवून ठेवले होते. हे उत्तर निष्ठुर आहे, आणि कृष्णाचा स्वतःचा वाटा त्याने मिटतो असेही नाही. पण त्यामुळे प्रश्न विचारणारीकडे प्रश्न परत येतो. रणांगण पाहून झाल्यावर नजर अखेर हस्तिनापुरातील घराकडे वळते, जेथे द्यूताचा पट मांडला गेला होता आणि वडीलधारी माणसे गप्प बसली होती.

घरी बसून युद्धपट पाहण्याचे नैतिक मोल या दुहेरी मागणीवर ठरते. शोक साधारण व्हावा, जबाबदारी मात्र साधारण होऊ नये. पडद्यावरचा मृत हा कोणाचाही असो, तो आपला वाटावा. आणि त्या मृत्यूला कारण झालेले मौन, अभिमान, शाळेतील धडे, जेवताना उच्चारलेली वाक्ये ही मानवजातीची म्हणून सोडून न देता आपल्या घरातील म्हणून ओळखली जावीत. पहिली मागणी थोर कला पूर्ण करू शकते. दुसरी कोणताही चित्रपट पूर्ण करून देऊ शकत नाही, कारण ती चित्रपट संपल्यावरच सुरू होते. त्या पुलावरच्या मुलांची वार्ता कोणत्याही युद्धपत्रकात आली नाही. ती ज्या घरांत पोहोचली, त्या घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी कोण काय बोलले असेल, हे चित्रपट दाखवीत नाही. ते शब्द प्रेक्षकाने आपल्या घरात ऐकावयाचे असतात.